चाकूचं स्टील निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकू घ्यायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न स्टीलच्या नावाचा असतो. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: माझ्या कामात धार जाते ती नेमकी कशामुळे? त्याचं उत्तर सापडलं की स्टीलची लांबलचक यादी दोन-तीन नावांवर येते.

सगळ्यात चांगलं स्टील कोणतं?

सगळ्या कामांना पुरेल असं एकही नाही, आणि यात कोणी काही लपवून ठेवलेलं नाही. धार चार तऱ्हांनी जाते. स्टील मऊ असेल तर कड एका बाजूला मुडपते. कठीण पण ठिसूळ असेल तर कडेला खांडे पडतात. कापायची वस्तू खरखरीत असेल तर कड हळूहळू झिजून गोल होते. आणि ओल, मीठ, आंबट रस लागत राहिला तर कड गंजाने खाल्ली जाते. पात्यावर डाग दिसण्याआधीच धार गेलेली असते.

मुडपण्याविरुद्ध कठीणपणा लागतो, खांड्यांविरुद्ध चिवटपणा, झिजेविरुद्ध कार्बाइडचे (कार्बन आणि धातूच्या संयुगाचे) कण आणि गंजाविरुद्ध क्रोमियम किंवा नायट्रोजन. पंचाईत अशी की यातलं एक वाढवलं की बहुधा दुसरं कमी होतं. म्हणून हाडं तोडायचा सत्तूर आणि पुठ्ठा कापायचा चाकू एकाच स्टीलचे असणं हा बहुतेक वेळा एकावर तरी अन्याय असतो.

‘एचआरसी ६०’ म्हणजे काय? आकडा मोठा तितका चाकू चांगला का?

हे कठीणपणाचं रॉकवेल सी मापन. हिऱ्याचं शंकूसारखं टोक १५० किलोच्या भाराने स्टीलवर दाबतात आणि ते किती खोल रुतलं त्यावरून आकडा काढतात. स्वयंपाकघरातले युरोपीय पद्धतीचे चाकू साधारण ५४ ते ५८, जपानी पद्धतीचे ६० ते ६३ आणि कोयते-कुऱ्हाडी पन्नाशीच्या आसपास असतात.

पण या आकड्यातून कळतं ते इतकंच, की कड मुडपायला किती विरोध करील. झीज आणि चिवटपणा यांबद्दल तो जवळपास मुका असतो. डी २ आणि एईबी-एल ही दोन्ही स्टील ६० वर आणता येतात. डी २ पुठ्ठ्यावर बराच काळ टिकेल. एईबी-एल त्याआधी झिजेल, पण चुकून हाडावर आपटलं तर खांडा डी २ ला पडण्याचा संभव जास्त. आकडा एक, स्वभाव दोन. त्यामुळे डब्यावर फक्त ‘६२ एचआरसी’ छापलेलं असेल आणि स्टीलचं नाव नसेल तर मी त्या आकड्याला फारसं महत्त्व देत नाही.

कार्बन, क्रोमियम, व्हॅनेडियम ही मंडळी स्टीलमध्ये करतात काय?

कार्बनमुळे लोखंडाला कठीण होता येतं. चाकूच्या स्टीलमध्ये तो साधारण अर्धा टक्का ते दीड टक्का असतो, काही खास स्टीलमध्ये दोन टक्क्यांच्याही वर. १०९५ या साध्या कार्बन स्टीलमध्ये तो जवळपास ०.९५ टक्के असतो.

गरजेपेक्षा जास्त कार्बन झाला की तो लोखंड, क्रोमियम, टंगस्टन किंवा व्हॅनेडियमशी जोडी जमवून कार्बाइडचे बारीक कण बनवतो. हे कण आजूबाजूच्या स्टीलपेक्षा कितीतरी कठीण असतात, आणि झीज रोखण्याचं काम तेच करतात. त्यातही प्रतवारी आहे: लोखंडाचे कार्बाइड सगळ्यात मऊ, क्रोमियमचे मधले आणि व्हॅनेडियमचे सर्वांत कठीण. म्हणून साधारण नऊ टक्के व्हॅनेडियम असलेलं एस ९० व्ही झिजता झिजत नाही, आणि त्याला धार लावणाऱ्याचा जीवही तितकाच मेटाकुटीला येतो.

कण मोठे झाले की गोष्ट उलटते. उत्तम धारेच्या टोकाची जाडी एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) कमी असते. तिथे वीस-तीस मायक्रॉनचा कण बसला तर त्याला आधार उरत नाही. तो निखळतो आणि जागी खड्डा राहतो. एईबी-एलसारखं स्टील मुळात दाढीच्या ब्लेडसाठी बनवलं गेलं ते यामुळेच. कार्बन ०.६७ टक्क्याच्या आसपास, क्रोमियम सुमारे १३, कण अगदी बारीक आणि मोजके.

स्टीलची आतली रचना एकसारखी असण्याला किती महत्त्व आहे, हे दाढीच्या ब्लेडवर नीट दिसलं आहे. केस स्टीलपेक्षा सुमारे पन्नासपट मऊ. तरीही तो कडेला तिरका भिडला आणि त्या जागी स्टीलची रचना असमान असली, तर ब्लेडला बारीक खांडा पडतो, असं एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं.

आता क्रोमियम. साधारण १०.५ टक्क्यांपासून स्टीलला स्टेनलेस म्हणतात, पण चाकूच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. जे क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलं ते गंज रोखायच्या कामी येत नाही. मोकळं राहिलेलंच पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा धरतं. डी २ मध्ये क्रोमियम १२ टक्के असतं, पण कार्बनही दीड टक्का. त्यामुळे बरंचसं क्रोमियम कार्बाइड बनवण्यात खर्ची पडतं आणि डी २ ओलं ठेवलं तर गंजतं.

भाज्या आणि फळांसाठी काय घ्यावं?

इथे वस्तू मऊ आणि रस आंबट असतो, आणि पातं दिवसातून शेकडो वेळा पाटावर टेकतं. म्हणजे धोका मुडपण्याचा आणि गंजाचा. झिजेचा फारसा नाही. पातळ पातं, ६० च्या आसपास कठीणपणा आणि बारीक कणांचं स्टेनलेस हवं. एईबी-एल, १४ सी २८ एन, व्हीजी १० ही नावं इथली. बहुतेक घरांसाठी मी पहिल्या दोघांपैकी एक सुचवेन. व्हीजी १० कापतं छान, पण पातळ पात्याला पीळ बसला तर त्याला बारीक खांडे पडतात आणि ते काढताना वेळ जातो.

घरात चाकू चार जण चार तऱ्हांनी वापरत असतील, कोणी त्याने डब्याचं झाकणही उचकटत असेल, तर ५६ च्या आसपासचं १.४११६ घ्या. अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम असलेलं हे स्टील युरोपीय पद्धतीच्या असंख्य चाकूंमध्ये असतं. त्याची धार लवकर मुडपते, पण मुडपलेली कड धारेच्या सळईवर चार वेळा ओढली की सरळ होते. हौशी लोक त्याला नाक मुरडतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

मांस, मासे आणि हाडं यांना एकच चाकू चालेल का?

मांस आणि मासे एका चाकूवर निभावतील, हाडं नाहीत.

बिनहाडाचं मांस लांब ओढीने कापायचं असेल तर भाजीच्या चाकूचंच स्टील चालतं. हाडाभोवतून मांस सोडवायचा चाकू थोडा मऊ, ५६ ते ५८ चा बरा, कारण तो हाडाला घासणार, वाकणार हे गृहीतच असतं. मासे सोलायचं लवचीक पातं मिठाशी आणि पाण्याशी झुंजतं, म्हणून ते स्टेनलेसच हवं.

हाड तोडताना धारेवर आघात होतो आणि तिथे चिवटपणाशिवाय काही चालत नाही. सत्तूर जाड पाठीचा, ५४ ते ५६ कठीणपणाचा आणि प्रत्येक बाजूला २० ते २५ अंशांचा कोन ठेवलेला असावा. १.४११६ चालतं, ५१६० तर उत्तम, कारण ते वाहनांच्या स्प्रिंगांसाठीचं स्टील आहे आणि धक्के खाणं हाच त्याचा धर्म. ६२ चा महागडा पातळ सुरा हाडावर मारलात तर कडेतून नखाएवढा तुकडा उडेल आणि त्याबद्दल स्टीलला दोष देता येणार नाही.

पुठ्ठा, दोरखंड, गालिचा असल्या कामांना?

पुठ्ठा दिसतो मऊ, पण त्यात धूळ आणि खनिजांचे कण असतात. ते सहाणेसारखे धारेवर घासत राहतात. इथे झिजेला विरोध करणारं स्टील खरंच कामी येतं: डी २, एस ३० व्ही, एम ३९०, त्याहून पुढे एस ९० व्ही. चाकू कंपन्या धार टिकण्याची चाचणी करतात तीसुद्धा आयएसओ ८४४२-५ या मानकाप्रमाणे, वाळूतली सिलिका मिसळलेल्या कार्डावरच. म्हणजे चाचणीचे ते आकडे पुठ्ठा कापणाऱ्याच्या उपयोगाचे. टोमॅटो कापणाऱ्याने त्यावरून चाकू निवडू नये.

दोरखंडासाठी धार फार गुळगुळीत करू नका. ४०० ते ६०० ग्रिटवर (दगडाच्या खरखरीतपणाचा आकडा; मोठा तितका दगड गुळगुळीत) थांबलेल्या धारेला सूक्ष्म दाते राहतात आणि ते तंतू पकडतात. चकचकीत केलेली धार दोरावरून घसरते. दिवसभर दोरच कापायचे असतील तर सरळ दातेरी पातं घ्या.

आणि एक स्पष्ट सांगतो: दिवसाला शेकडो खोकी फोडणाऱ्या माणसाला महाग स्टीलची गरज नाही. बदलत्या ब्लेडची साधी कटर त्या कामाला कोणत्याही चाकूपेक्षा सोयीची.

लाकूडकाम आणि रानातल्या कामांसाठी?

ही दोन वेगळी कामं आहेत. लाकूड कोरताना धार अतिशय बारीक कोनाची लागते आणि ती दर थोड्या वेळाने पाजवावीच लागते. म्हणून साधी, बारीक कणांची स्टील बरी: ओ १, ५२१००, जपानी ‘पांढऱ्या कागदाचं’ स्टील (शिरोगामी; नाव वेष्टणाच्या कागदावरून). दगडावर ती झटपट येतात. ५२१०० हे मूळचं बॉल बेअरिंगचं स्टील. सुमारे एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम.

रानात लाकडं फोडायची, फांद्या तोडायच्या तर पुन्हा आघात आला. ५१६० किंवा पावडर पद्धतीचं ३ व्ही घ्या. कोयत्याला १०७५ सारखं साधं स्टील पुरतं, तेही पन्नास ते पंचावन्नच्या मधलं. कोयत्याची धार दगडाला लागून वाकली तर कानशीने जागच्या जागी नीट करता आली पाहिजे. कडक स्टीलवर कानस चालतच नाही, नुसती घसरते.

समुद्रावर, होडीत, सतत ओल्या हातांनी?

इथे कार्बनऐवजी बराचसा नायट्रोजन वापरलेली स्टील पाहा. नायट्रोजन स्टीलला कठीण करायला मदत करतो आणि क्रोमियमलाही कार्बनइतकं अडकवून ठेवत नाही. एलसी २०० एन हे त्यातलं एक. एच १ तर खाऱ्या पाण्यातही जवळपास गंजत नाही, पण त्याची सरळ धार लवकर जाते. दातेरी पातं असेल तर ही उणीव फारशी जाणवत नाही. धार टिकणं आणि गंज टाळणं दोन्ही हवं असेल तर मॅग्नाकट. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने आखलेलं हे स्टील २०२१ मध्ये बाजारात आलं. त्यात क्रोमियमचं प्रमाण असं बेतलं आहे की क्रोमियमचे मोठे कार्बाइड बनतच नाहीत. जवळपास सगळं क्रोमियम गंजाविरुद्ध मोकळं राहतं.

कार्बन स्टील की स्टेनलेस?

चाकू वापरल्यावर लगेच धुऊन पुसायची सवय असेल तर कार्बन. नसेल तर स्टेनलेस. ही सवय लावून घेईन असं ठरवून कार्बनचा चाकू घेऊ नका.

कार्बन स्टीलवर काही दिवसांत करडा-निळसर थर चढतो. तो गंज नव्हे; तो राहू द्यावा, कारण तो तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो. तांबूस दिसलं तर मात्र लगेच घासून काढा. नव्या पात्यामुळे कांदा किंवा आंबट फळ काळं पडतं आणि चवही थोडी लोखंडी लागते. थर बसला की हा त्रास कमी होतो.

चुंबक चिकटतं म्हणजे स्टेनलेस नाही, खरं ना?

खोटं. कठीण करता येणारी चाकूची जवळपास सगळी स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतात. चिकटत नाही ते भांड्यांचं आणि चमच्यांचं स्टेनलेस, आणि त्याला पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन थंड करून, धार धरण्याइतकं कठीण करता येत नाही. म्हणून चाकूच्या पात्याला चुंबक चिकटलं नाही तर शंका घ्या.

पावडर स्टील म्हणजे काय? त्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

नेहमीच्या पद्धतीत वितळलेलं स्टील मोठ्या ठोकळ्यात हळूहळू थिजतं आणि तेवढ्या वेळात कार्बाइडचे कण मोठे होतात. पावडर पद्धतीत वितळलेल्या धारेवर वायूचा मारा करून तिचे बारीक थेंब पाडतात. ते क्षणात थिजतात. मग ती भुकटी उष्णता आणि दाब देऊन एकजीव करतात. कण बारीक राहतात, सारखे पसरतात, आणि जास्त व्हॅनेडियम घालूनही स्टील अगदीच ठिसूळ होत नाही.

पैसे मोजावेत ते तुमच्या कामात धार झिजूनच जात असेल तर. मुडपून किंवा आपटून जात असेल तर तेच पैसे चांगल्या पाटावर आणि दगडावर खर्च करा. काच, संगमरवर किंवा स्टीलच्या ताटावर कापणाऱ्याची धार एम ३९० सुद्धा वाचवू शकत नाही.

दोन चाकूंवर एकाच स्टीलचं नाव आहे, तरी एक चांगला आणि एक वाईट. असं का?

पाण्यामुळे. म्हणजे पात्याला पाणी कसं दिलं आहे त्यामुळे. साधं कार्बन स्टील साधारण ८०० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करतात. स्टेनलेसला १०५० च्या आसपास जावं लागतं, कारण क्रोमियमचे कार्बाइड त्याखाली नीट विरघळत नाहीत. थंड केलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून ते पुन्हा साधारण १५० ते २३० अंशांना शेकतात. पहिल्यांदा तापवताना तापमान जास्त झालं तर आतले दाणे वाढतात आणि पातं ठिसूळ होतं. कमी झालं तर मऊ राहतं, आणि स्टेनलेस असूनही गंजतं. नामांकित स्टीलचं वाईट पाणी दिलेलं पातं हे साध्या स्टीलच्या नीट पाणी दिलेल्या पात्यापुढे उभं राहत नाही.

हे पाणी घरबसल्या बिघडवताही येतं. कोरड्या फिरत्या चाकावर धार लावताना कड निळी पडली, तर तेवढ्या भागाचा कठीणपणा गेला असं समजा. निळा रंग घासून जाईल, कठीणपणा परत येणार नाही. तो भाग झिजवून खालचं चांगलं स्टील उघडं करावं लागतं.

धारेचा कोन किती ठेवू?

पातळ कापासाठी प्रत्येक बाजूला १२ ते १५ अंश, सर्व कामांच्या चाकूला १७ ते २०, आघाताच्या हत्यारांना २५ पर्यंत. कोन दोन-तीन अंशांनी कमी केला तर कापण्यात जो फरक पडतो तो पुष्कळदा स्टील बदलूनही पडत नाही. कोन हळूहळू कमी करत जा. खांडे पडू लागले किंवा कड मुडपू लागली की तुमच्या स्टीलची मर्यादा आली. तिथून दोन अंश मागे या.

कोणत्या स्टीलला कोणता दगड?

कार्बन स्टील आणि साध्या स्टेनलेसला पाण्यावरचे नेहमीचे दगड पुरतात. व्हॅनेडियम चार टक्क्यांच्या आसपास गेलं की हिऱ्याची पट्टी घ्या. व्हॅनेडियमचे कार्बाइड नेहमीच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात. दगड त्यांच्या भोवतीचं स्टील घासतो, त्यांना आकार देत नाही. लोखंडी सळई ५८ पर्यंतच्या चाकूंसाठी ठीक. त्यावरच्या कठीण पात्यांना सिरॅमिकची सळई हलक्या हाताने, नाहीतर चामड्याचा पट्टा.

दमास्कस पातं जास्त चांगलं कापतं का?

आज मिळणारं नक्षीदार पातं म्हणजे दोन स्टीलचे थर एकत्र ठोकून केलेली घडण. स्वयंपाकघरातल्या चाकूंमध्ये बहुधा नक्षी बाहेरच्या मऊ थरांत असते आणि कापतो तो मधला गाभा. विकत घेताना गाभ्याचं नाव विचारा. जुन्या काळातलं दमास्कस वेगळं. ते दक्षिण भारतात मुशीत बनवलेल्या उक्कू पोलादापासून घडवलं जाई. धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९० च्या दशकात तशी पाती पुन्हा घडवली, आणि त्यातली नागमोडी नक्षी व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशामुळे उमटते, असं दाखवलं.

‘सर्जिकल स्टील’, ‘जर्मन स्टील’, ‘हाय कार्बन स्टेनलेस’ यांवर विश्वास ठेवावा का?

ही स्टीलची नावंच नाहीत. नाव विचारा, सांगत नसतील तर पुढे चला.

डिशवॉशरमध्ये चाकू टाकला तर?

स्टेनलेसही टाकू नका. तीव्र साबण, क्षार आणि तासभराची गरम ओल यांनी कडेला बारीक खड्डे पडतात, शिवाय भांड्यांवर आपटून खांडे पडतात ते वेगळंच.

घरात एक जुना चाकू आहे, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. स्टील कसं ओळखू?

नेमकं नाव घरी कळणार नाही, जात कळेल. मुठीजवळच्या स्वच्छ केलेल्या भागावर लिंबाच्या रसाचा थेंब दहा-पंधरा मिनिटं ठेवा. करडा डाग उमटला तर कार्बन स्टील किंवा डी २ सारखं अर्धवट स्टेनलेस. काहीच झालं नाही तर स्टेनलेस. मग पाठीच्या कोपऱ्यावर नवी कानस हलकेच फिरवा. ती सहज चावली तर पाठ तरी मऊ आहे. घसरली तर पातं साठीच्या आसपास किंवा वर असेल. काही चाकूंची पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते, तेव्हा टाचेजवळच्या कडेवरही एकदा पाहा.

शेवटी १७ अंशांना धार लावा, तुमचं नेहमीचं काम आठवडाभर करा आणि भिंगाखाली कड बघा. एका बाजूला चकाकणारी रेघ दिसली तर कड मुडपली आहे: कोन वाढवा आणि सळई वापरत जा. अर्धगोल तुकडे उडालेले दिसले तर कोन वाढवा आणि पीळ देणं थांबवा. कड सरळ आहे पण गोल झाली आहे, तर झीज आहे. पुढचा चाकू घेताना जास्त कार्बाइडचं स्टील शोधा. काळे ठिपके दिसले तर पुढचा चाकू जास्त क्रोमियमचा, आणि तोवर हा पुसून ठेवा.